सहा तासांपुरता मतिमंद

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांची एक सवय त्यांच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. प्रगतिपुस्तकातला शेरा ते शिसपेन्सिलीनं लिहीत. मुख्याध्यापकांनी हटकलं, की म्हणत, ‘पोर बदललं तर खोडायला सोपं.’ माझा आजचा विषय या पेन्सिलीपासून फार लांब नाही. बुद्धिमापन चाचणीतून निघणारा आकडा हा मुलावर मारलेला शेराच असतो. तो पेन्सिलीनं लिहायचा की शाईनं, एवढाच प्रश्न.

विद्यापीठाच्या भाषेत हाच प्रश्न असा मांडतात: अल्पसंख्याक समाजातल्या मुलांच्या शालेय यशाचं भाकीत बुद्ध्यांकावरून कितपत करता येतं? तो सगळ्यांत कसून तपासला गेला अमेरिकेत, आणि प्रयोगशाळेइतकाच कोर्टातही. म्हणून तुम्हाला थोडा वेळ कॅलिफोर्नियात नेतो.

1971च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहा कृष्णवर्णीय मुलांच्या वतीनं तिथल्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. बुद्ध्यांक 75च्या खाली भरला म्हणून या मुलांना ‘शिक्षणक्षम मतिमंद’ मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवलं होतं. ‘मतिमंद’ हा शब्द आपण आता टाकून दिला आहे. त्या काळच्या कागदांत तोच आहे, म्हणून आजच्या व्याख्यानापुरता तो घेतो. एका मुलाचं नाव कागदोपत्री ‘लॅरी पी.’ एवढंच आलं. प्रतिवादी होते राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन रायल्स. म्हणून खटल्याचं नाव पडलं ‘लॅरी पी. विरुद्ध रायल्स’. आणि हे रायल्स स्वतः कृष्णवर्णीय होते. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी निवडणूक जिंकून पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. तेव्हा गोरा साहेब आणि काळं पोर असं सोपं चित्र इथं रंगवता येत नाही.

मग तक्रार काय होती? सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत त्या वेळी 28.5 टक्के मुलं कृष्णवर्णीय होती आणि त्या वेगळ्या वर्गांत 66 टक्के. सबंध राज्याचा हिशेबही तसाच: शाळांत सुमारे 9 टक्के, वेगळ्या वर्गांत 27 टक्के. या सहा मुलांना कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासलं. आधी मुलांशी गप्पा मारल्या, त्यांचा धीर चेपू दिला, काही प्रश्न त्यांच्या तोंडच्या बोलीत विचारले. सहाही मुलं 75च्या वर गेली. सरकार पक्षानं हरकत घेतली, की ही प्रमाणित पद्धत नव्हे. हरकत रास्तच होती. सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच शब्दांत, ही तर चाचणीची पहिली अट. पण मग अट पाळून मिळालेला आकडा बुद्धीचा होता की बुजलेपणाचा, हेही कोणाला तरी सांगावं लागणार होतं.

इथं थोडं मागं जाऊ. 1904 साली फ्रेंच सरकारनं एक समिती नेमली. सक्तीच्या शिक्षणामुळं शाळेत आलेल्या मुलांपैकी काहींना नेहमीचा वर्ग झेपत नव्हता. ती ओळखायची कशी, हा प्रश्न होता. त्यातून 1905 साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांची मापनश्रेणी तयार झाली. बिनेचा हेतू साधा होता: मूल हुडकायचं आणि त्याला जास्तीचं शिकवायचं. मंद मुलांसाठी त्यानं मनाच्या कवायतीच आखल्या होत्या. अमुक मुलाची बुद्धी इतकीच, त्यात वाढ नाही, असं म्हणणाऱ्यांवर तो चिडत असे. 1911 साली तो गेला. 1912 साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायची कल्पना काढली, आणि 1916 साली कॅलिफोर्नियातल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन यांनी ‘स्टॅनफर्ड-बिने’ ही आवृत्ती काढून बुद्ध्यांक घरोघर पोचवला. टर्मन यांना बुद्धी आनुवंशिक आहे याची खात्री होती. बिनेच्या हातात जी औषधाची चिठ्ठी होती, तिची अटलांटिक ओलांडताना जन्मपत्रिका झाली.

चाचणी ज्या मुलांवर प्रमाणित करतात, त्यांची सरासरी म्हणजे 100. ती मुलं कोण होती? 1949 साली आलेली वेक्सलर यांची मुलांची चाचणी 2,200 मुलांवर बेतलेली होती, आणि ती सगळी गोरी होती. ‘स्टॅनफर्ड-बिने’ची 1937ची आवृत्तीही गोऱ्या मुलांवरच बेतलेली. पुढं 1974च्या वेक्सलर आवृत्तीत ही चूक सुधारली, लोकसंख्येच्या प्रमाणात सगळे समाज घेतले गेले. पण खटल्यात आणखी एक गोष्ट पुढं आली. चाचणी रचताना मुलगे आणि मुली यांच्या गुणांत फरक पाडणारे प्रश्न रचनाकारांनी वगळले किंवा त्यांचा तोल साधला होता. दोघांची बुद्धी सारखी, हे त्यांनी आधी गृहीत धरलं आणि माप त्याप्रमाणं कापलं. वंशांच्या बाबतीत कात्री कोणी उचलली नाही. हा खटला चालवणारे न्यायमूर्ती रॉबर्ट पेकम यांच्या हे बरोबर लक्षात आलं.

खटला 1977च्या ऑक्टोबरात उभा राहिला आणि निकाल आला 16 ऑक्टोबर 1979 रोजी. पेकम यांनी सरळ विचारलं: या चाचणीवरून तुम्ही मुलांचं भवितव्य ठरवता, तर या मुलांच्या बाबतीत तिचं भाकीत खरं ठरतं का, ते दाखवा. इथं एक तांत्रिक शब्द लागतो, सहसंबंध. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती चालतात, याचं हे माप. काहीच नातं नसेल तर शून्य, तंतोतंत जोडी असेल तर 1. कॅलिफोर्नियातल्याच रिव्हरसाइड गावच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांचा बुद्ध्यांक आणि शिक्षकांनी दिलेले गुण यांचा सहसंबंध गोल्डमन आणि हार्टिग यांनी 1976 साली प्रसिद्ध केला होता. गोऱ्या मुलांत 0.25, कृष्णवर्णीय मुलांत 0.14, मेक्सिकन वंशाच्या मुलांत 0.12. सहसंबंधाचा वर्ग केला, की गुणांतला किती फरक बुद्ध्यांकाच्या खाती मांडता येतो ते कळतं. 0.14चा वर्ग म्हणजे सुमारे 2 टक्के. शंभरातले दोन! एवढ्या आधारावर मुलाचा वर्ग बदलायचा का? पेकम म्हणाले, नाही. कृष्णवर्णीय मुलांना त्या वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यांक वापरायला त्यांनी बंदी केली.

व्याख्यान इथं संपवलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि तुमची फसवणूक झाली असती. कारण या आकड्यांना दुसरी बाजू आहे, आणि ती कच्ची नाही.

प्राथमिक वर्गात शिक्षक जे गुण किंवा श्रेणी देतात, त्यात काय काय मिसळलेलं असतं हे तुम्हा शिक्षकांपेक्षा चांगलं कोण जाणतं? शांत बसतो का, वही नीट ठेवतो का, आई पालकसभेला येते का. शिवाय या शाळेतला ‘चांगला’ त्या शाळेत ‘बरा’ असतो. मापायची वस्तूच अशी भुसभुशीत असली, की तिच्याशी कशाचाच सहसंबंध नीट जुळत नाही. गोऱ्या मुलांचा आकडाही 0.25 इतका बेताचा आला, तो त्यामुळंच. शिक्षकांच्या गुणांऐवजी वाचन-गणिताच्या प्रमाणित परीक्षा घेतल्या, की चित्र पालटतं. 1979च्या सुमारास डॅनियल रेश्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनात हे तपासलं. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांत बुद्ध्यांकाचं भाकीत जवळपास सारखंच लागू पडलं. पापागो या आदिवासी जमातीच्या मुलांच्या बाबतीत मात्र ते लुळं पडलं. 1968 साली ॲन क्लिअरी यांनी महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेची अशीच तपासणी केली होती. परीक्षेचं भाकीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कमी लेखतं, असं त्यांना आढळलं नाही. एका महाविद्यालयात तर ते त्यांना थोडं जास्तच लेखत होतं. 1996 साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं अलरिक नायसर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाचा अहवाल आला. बुद्ध्यांक आणि शालेय गुण यांचा सहसंबंध साधारण 0.50, म्हणजे फरकातला चौथा हिस्सा, आणि भाकितापुरतं बोलायचं तर चाचण्या कृष्णवर्णीयांच्या विरुद्ध झुकलेल्या दिसत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

कोर्टांचंही एकमत नव्हतं. पेकम यांच्या निकालानंतर वर्षाच्या आत, 1980 साली, शिकागोत न्यायमूर्ती जॉन ग्रेडी यांच्यापुढं तसाच खटला आला. तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून ते कंटाळले असावेत. त्यांनी चाचण्यांमधले प्रश्न एकेक करून स्वतः वाचले आणि निकालपत्रात छापले. ‘स्टॅनफर्ड-बिने’तला एक आणि वेक्सलरमधले आठ एवढेच प्रश्न त्यांना संशयास्पद वाटले. चाचण्या त्यांनी चालू ठेवल्या. पण प्रश्न नुसता वाचून पक्षपात कळत नाही. ‘तुझ्याहून लहान मुलगा तुझ्याशी मारामारी करायला लागला तर काय करशील?’ हा वेक्सलरमधला प्रश्न सगळ्यांनाच खटकायचा: गरीब वस्तीतलं पोर परत मारणारच, आणि त्याला शून्य मिळणार. गुण प्रत्यक्ष तपासले तेव्हा कळलं, की कृष्णवर्णीय मुलांना इतर प्रश्नांच्या मानानं हा सोपाच गेला होता.

रॉबर्ट विल्यम्स हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ उलट वाटेनं गेले. शाळकरी वयात त्यांचा बुद्ध्यांक 82 भरला होता आणि त्यांना गवंडीकाम शिकण्याचा सल्ला मिळाला होता. ते डॉक्टरेट झाले, आणि 1972 साली कृष्णवर्णीय वस्तीतल्या बोलीवर, तिथल्या वाक्प्रचारांवर शंभर प्रश्नांची चाचणी त्यांनी काढली. तिच्यात गोरी मुलं गडगडली. टोला अचूक बसला. पण शाळेतल्या यशाचं भाकीत त्या चाचणीतून काही साधलं नाही, कारण शाळा त्या बोलीत भरत नव्हती.

मग निवाडा काय करायचा? मला असं वाटतं, की दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि दोघीही एकाच गोष्टीपाशी येऊन थांबत होत्या. भाषेची अडचण नसेल आणि माप चांगलं असेल, तर बुद्ध्यांकाचं भाकीत अल्पसंख्याक मुलांच्या बाबतीतही बहुतांशी तितकंच खरं ठरतं. हे मान्य करायला हवं, मनाला कितीही नको वाटलं तरी. पण बुद्धिमापन चाचणी शब्दसंग्रह विचारते, गणित विचारते, सामान्यज्ञान विचारते. शालेय परीक्षाही तेच विचारते. एकाच दुकानातल्या दोन तागड्यांचं वजन जुळलं, तर त्यात नवल ते काय? ज्या मुलाला पहिलीत कमी शब्द येत होते, त्याला चौथीतही कमी येतील, हे चाचणी बरोबर सांगते. मधल्या तीन वर्षांत शाळेनं काय केलं, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

आपल्याकडं एखाद्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघतो. ज्योतिषी सांगतो, लग्न जमायला वेळ लागेल. आणि खरोखर वेळ लागतो! स्थळं येतात, पत्रिका बघतात, परत जातात. आता कोणी या भाकिताची वैधता काढायला बसला, तर आकडे ज्योतिषाच्या बाजूनंच पडतील. मंगळाचं काही कर्तृत्व नसतं त्यात. भाकीत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, एवढंच. कॅलिफोर्नियाच्या त्या वेगळ्या वर्गांत तेच चाललं होतं. तिथला अभ्यासक्रम नेहमीच्या वर्गापेक्षा इतका पातळ होता, की तिथून परतलेलं मूल आपल्या वयाच्या मुलांना गाठूच शकत नव्हतं. पेकम यांनी त्या वर्गांना पुढं वाट नसलेली गल्ली ठरवलं, ते यामुळं. 75च्या खालच्या मुलाला शिकवणं कमी करायचं, आणि चार वर्षांनी त्याला कमी येतं म्हणून 75 हा आकडा बरोबर होता असं म्हणायचं!

शिक्षकाच्या अपेक्षेनंच बुद्ध्यांक वाढतो, असा 1968 सालचा रोझेन्थॉल आणि जेकबसन यांचा प्रयोग बी.एड.च्या वर्गात हमखास सांगतात. जरा जपून सांगावा. त्याच्या मोजमापावर तेव्हाच जोरदार टीका झाली. पुढच्या फेरतपासण्यांत असं दिसलं, की शिक्षक मुलांना दोन आठवडे जरी ओळखत असले, तरी बाहेरून कानात सांगितलेल्या आकड्याचा बुद्ध्यांकावर परिणाम जवळपास उरत नाही. मला यात दिलासा वाटतो. ज्यानं पोर जवळून पाहिलंय, तो आकड्याला बधत नाही. वर्गच बदलला, तर पाहणाराही बदलतो आणि पुस्तकही. धोका तिथं आहे.

रिव्हरसाइडमध्येच जेन मर्सर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मतिमंद ठरलेल्या माणसांच्या घरी जाऊन पाहिलं. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन घरांतली बरीचशी माणसं बाजारहाट करत होती, भावंडं सांभाळत होती, नोकऱ्या धरून होती. 1970च्या सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या समितीच्या अहवालानं अशा मुलांना नाव दिलं: सहा तासांचं मतिमंद मूल. शाळेची घंटा झाली की मतिमंद, सुटली की चांगलं चालतंबोलतं. आजच्या व्याख्यानाचं नाव मी तिथून घेतलं आहे.

लॅरी पी.ची गोष्ट पुढं वेडीवाकडी गेली. 1986 साली बंदी आणखी पसरली: विशेष शिक्षणाच्या कोणत्याही कारणासाठी कृष्णवर्णीय मुलांचा बुद्ध्यांक काढायचा नाही. मग पालकच कोर्टात आले. आपल्या मुलाला शिकण्यातली अडचण आहे, ती कळण्यासाठी चाचणी हवी, आणि गोऱ्या मुलाला ती मिळते तर आमच्या मुलाला का नाही? 1992 साली पेकम यांनी स्वतःच तो वाढीव हुकूम मागं घेतला, आणि 1994 साली वरच्या कोर्टानं ते कायम केलं. 1979चा मूळ हुकूम मात्र राहिला. त्या वेगळ्या वर्गांतली मुलांची संख्या एव्हाना कितीतरी घटली होती, पण उरलेल्यांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण बाहेरच्या मानानं जास्तच होतं. मोजपट्टी काढून घेतली तरी बोट दाखवणारा हात जागेवर होता.

आता घरी येऊ. बिनेची श्रेणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली ती व्ही. व्ही. कामत यांनी. त्यांचं पुस्तक 1940 साली निघालं, आणि ‘बिने-कामत’ हे नाव आपल्या चिकित्सालयांत अजून ऐकू येतं. वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी, 1969च्या सुमारास. आज आपल्याकडं या चाचण्यांचा एक उपयोग कॅलिफोर्नियाच्या नेमका उलटा आहे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवायचं, तर बुद्ध्यांक पुरेसा असल्याचं दाखवावं लागतं. ते मिळालं की परीक्षेत सवलती मिळतात. तिथं आकडा दार लावत होता, इथं उघडतो. पण दार आहे हे ज्याला ठाऊक, तोच ते ठोठावतो. आकडा जरा खाली आलेलं मूल इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही, असं मध्येच उभं राहतं. त्याच्यासाठी आपल्या शाळेत काय सोय आहे?

भाषेचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो माझ्या अंगाशी येतो. 1970 साली कॅलिफोर्नियातच आणखी एक खटला मिटला होता, ‘डायना’ नावाचा. माँटेरे जिल्ह्यातल्या नऊ मेक्सिकन वंशाच्या मुलांना मतिमंद ठरवलं होतं. घरी ती स्पॅनिश बोलत. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसानं त्यांना पुन्हा तपासलं, स्पॅनिशमधून उत्तरं देऊ दिली. गुण सरासरी 15नं वाढले, आणि बहुतेक मुलं मतिमंदांच्या रेषेच्या वर आली.

मी तरुणपणी शाळाशाळांतून चाचण्या घेत हिंडत होतो. एका गावी तांड्यावरचा आठेक वर्षांचा मुलगा समोर बसवला. घरी गोरमाटी बोलणारा, आईबाप निम्मं वर्ष ऊसतोडीला. मी मराठीतून विचारत गेलो, तो माझ्या हातातल्या घड्याळाकडं बघत बसला. पद्धत मी काटेकोर पाळली. प्रश्न दुसऱ्यांदा सांगायची मुभा नव्हती, मी सांगितला नाही. आकडा 68 भरला. बाहेर आलो तर तोच मुलगा माझ्या बंद पडलेल्या मोटारसायकलपाशी उभा. त्यानं प्लग काढून पदराला पुसावा तसा सदऱ्याला पुसला, परत बसवला, आणि हातानं खूण केली: आता मारा किक. गाडी चालू झाली.

मी त्याच गाडीवर बसून निघून गेलो. अहवाल आदल्या तासातच शाळेत देऊन झाला होता. मागं फिरून तो बदलावा, असं माझ्या मनात आलं नाही; चाचणीत मोटारसायकल नव्हती. प्लग पुसता येणं म्हणजे बुद्ध्यांक 100, असं मी आजही म्हणणार नाही. कदाचित त्या वर्षी मराठी शाळेत तो मागंच पडला असता, आणि माझं 68चं भाकीत सहसंबंधाच्या तक्त्यात बरोबर मोजलं गेलं असतं. पण त्याला गोरमाटी येणारा शिक्षक मिळाला असता तर काय झालं असतं, हे त्या तक्त्यात कुठंच बसत नाही. आणि शाळेला त्या दिवशी हेच सांगायला हवं होतं. अहवालात शिफारशीसाठी एक रकाना असतो. मी तो कोरा सोडला होता.

तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर असे अहवाल येतात. आला की आधी तो रकाना बघा. कोरा असेल, तर अहवाल लिहिणाऱ्याकडं परत पाठवा. माझाही कोणीतरी पाठवायला हवा होता. त्या 68खाली माझी सही आहे, आणि ती शाईची आहे.